वस्तीवरचा मुका रेडिओ

रेडिओ तिसऱ्यांदा गप्प झाल्याचा निरोप आला, तसा मिरजेचा गंगाधर मेकॅनिक चिडून स्वतःच आटपाडीजवळच्या त्या वस्तीवर गेला. चिडणार नाही तर काय! दुकानात विजेवर जोडला की रेडिओ खणखणीत वाजायचा. सेल तपासावेत तर तेही भरलेले. आणि घरी नेला की तोंडातून चकार शब्द नाही. या गौडबंगालानं त्याची झोप उडाली होती.

पण वस्तीवर पाय ठेवला आणि त्याचा राग निम्मा उतरला. घरातला थोरला, कृष्णात, फौजेत होता. लढाई संपून महिने उलटले, तरी तो बेपत्ताच होता. सीमेपलीकडे कैद झालेल्या जवानांची नावं रेडिओवर सांगतात, हे कळल्यापासून त्याची म्हातारी आई, राहीबाई, फळीवरच्या रेडिओकडे डोळे लावून पडून होती. पाय गेल्यानं तिला उठता येत नव्हतं. ओक्याबोक्या कपाळावर हात मारून ती एकच सांगत होती. लेकाचं नाव कानानं ऐकलं की सुखानं डोळे मिटीन. वस्तीवर वीज नव्हती आणि दुसरा रेडिओही नव्हता.

तिचा संशय धाकट्या नाथाजीवर होता. भाऊ परत आला तर जमिनीत वाटेकरी होईल, म्हणून हाच मेला रेडिओ मोडतोय, असं ती येईल त्याला सांगे. तिनं त्याला घरात यायची बंदी केली होती. बिचारा गोठ्यात जेवत होता.

कृष्णातची बायको लीलाबाई चहा घेऊन आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर खाली. "मिरजंला घिऊन जावा की," ती हळूच म्हणाली. "घाई न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

गंगाधरनं मागचं झाकण उघडलं, सेल काढले आणि सेल जिथं टेकतात त्या पत्रीवर बोट फिरवलं. बोट घसरलं. पातं घेऊन खरवडलं, तर मेण निघालं. जरा लालसर मेण. त्यानं मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. दुकानात रेडिओ विजेवर तपासला, सेल वेगळे तपासले, पण या पत्रीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तो गोठ्यात गेला.

"नाथाजी, रेडिओत सेल कोण घालतं?"

"वैनी."

"तू कधी उघडलास?"

"न्हाई बा. मला त्यातलं काय कळतंय?"

लीलाबाई चुलीपाशी होती. गंगाधर तिच्यापुढे बसला आणि आवाज खाली आणून बोलू लागला.

"पत्रीवर मेण फासलंय, म्हणून रेडिओ लागत नाही. राहीबाईंचा हात फळीपर्यंत पोचत नाही. नाथाजी मेण चोरू शकला असता, पण मेणात कुंकू मिसळलंय. रोज मेण लावून त्यावर कुंकू टेकवणारं बोट या घरात एकच आहे. आणि नवऱ्याचं नाव ऐकायला आसुसलेली बाई रेडिओ ठेवून घ्या म्हणत नाही. का केलंस, बाई?"

तिचा हात भाकरीवरच थांबला.

"म्हसवडच्या बाजारात लालासाहेब भेटलं हुतं. ह्यांच्याच पलटणीतलं. त्येंच्या डोळ्यांदेखत हे पडलं. समदी नावं सांगून झाली आन् ह्यांचं आलंच न्हाई, तर आत्या त्याच दिशी जातील. रेडिओ बंद हाय तवर त्येंचा ल्योक जित्ता हाय."

"आणि नाथाजी?"

"भावजींचं पाप माझ्या माथी. रोज म्हणतीया सांगीन. सांगवत न्हाई."

गुन्हेगार सापडला होता, आणि आपण इथं आलोच नसतो तर बरं झालं असतं, असं गंगाधरला वाटलं. एवढंसं घर ते. मधे कुडाची एक भिंत.

"लीला," पलीकडून म्हातारीचा आवाज आला. "नाथाला घरात बोलीव."

नाथाजी आला. राहीबाईनं त्याचा हात धरला आणि तो तोंडावर ओढून रडली, आवाज न करता, बराच वेळ. मग तिनं सुनेकडं पाहिलं.

"लालासाहेबानं शेवटाला पाणी तरी पाजलं का गं त्येला?"

लीलाबाईनं पदराला हात पुसले.

"पाजलं, आत्या. आपल्या हातानं पाजलं."

हे खरं की खोटं, ते गंगाधरनं विचारलं नाही.