वहीतला खोटा अँपिअर

रेडिओ मनोऱ्यावर काम करताना तंत्रज्ञ व्होयिनचा उजवा हात मनगटापर्यंत जळाला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याला कागद मिळाला: निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी.

तो कागद वाचून दरिंका डोंगरावरच्या रेडिओ केंद्रात आली. इथला पॉवर मीटर दरवर्षी तीच तपासून प्रमाणित करायची. केंद्रप्रमुख स्रेतेननं कॉफी पुढं केली.

"दूध नको. शुक्रवारच्या उपासाला दूध चालत नाही. त्या दिवसाची नोंदवही दाखवा."

नोंद व्होयिनच्या अक्षराच्या वळणाची होती. मनोऱ्यावर चढण्याआधी पॉवर वीस डेसिबल उतरवली. पन्नास वॉट. करंट ०.१ अँपिअर.

"त्यानंच उतरवली, त्यानंच लिहिलं," स्रेतेन म्हणाला. "वर जाऊन हातमोजे काढले असतील. आता माझ्या नावानं बोंब."

"तो म्हणतो, तुम्हीच खालून सांगितलंत, 'पॉवर उतरवली, चढ.'"

"बोलायला काय जातंय, ताई?"

दरिंकाचा आवाज चढला नाही. फक्त बोटं वहीच्या कडेवर घट्ट झाली.

"तेव्हा प्रक्षेपण कशाचं चालू होतं?"

"मठातल्या उत्सवाचं. बिशप आले होते."

"पॉवर उतरली की लांबच्या गावांना ऐकू जात नाही. किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही," तो अभिमानानं म्हणाला.

"वीस डेसिबल म्हणजे कितीपट हो?"

"शंभरपट. शेंबड्या पोरालाही येतं."

"पॉवर?"

"पॉवर, करंट, सगळंच."

दरिंकानं वही त्याच्याकडे फिरवली.

"पूर्ण पॉवर पाच हजार वॉट, केबलमधून करंट दहा अँपिअर. पॉवर चालते करंटच्या वर्गानं: करंट दुप्पट, तर पॉवर चौपट. ती शंभरपट उतरली, की करंट उतरतो दहापटच. पन्नास वॉटला एक अँपिअर. मागची पानं चाळा. नऊ वर्षांत व्होयिननं दर वेळी एक अँपिअरच लिहिलाय. दहाला शंभरानं भागलं ते तुम्ही. अक्षर उचललंत, हिशेब उचलता आला नाही. आणि त्या दिवशी केंद्रावर तुम्ही दोघंच होतात. पॉवर उतरलीच नव्हती, म्हणून त्याचा हात जळाला आणि म्हणूनच तक्रारही नाही."

स्रेतेननं कोपऱ्यातल्या संताच्या तसबिरीकडे पाहिलं.

"देवाचं काम होतं, ताई. मधेच कसं तोडायचं?"

"देवानं हात मागितला नव्हता."

तिनं पेन त्याच्यापुढं ठेवलं.

"लिहा. या वेळी स्वतःच्या अक्षरात."