खालच्या फळीवरचं मीठ

दुकानात टोमॅटोच्या ढिगापाशी तो पाठमोरा उभा होता. उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... एकेक टोमॅटो उचलून अंगठ्याने हलकेच दाबत होता, नाकाशी नेत होता, नाही पटला तर अलगद परत ठेवत होता. दुधाची बाटली हातात धरून मी बघतच राहिले. बाबागाडीत पोर बसलेली असताना आईने परक्या पुरुषाकडे असं बघू नये, हे कळत होतं. पण इतक्या मायेने टोमॅटो निवडणारा पुरुष मी जन्मात पाहिला नव्हता — आणि मग तो वळला.

माझाच नवरा. ऑफिसातून लवकर सुटला होता.

उन्हाळाभर माहेरी राहून मी आणि ठमी नुकत्याच या परदेशातल्या घरी परतलो होतो. जाण्याआधी या गृहस्थाला भोपळा कुठला आणि कलिंगड कुठलं, हे कापल्यावर कळायचं.

“काय बाई, एकट्याच?” त्याने साळसूदपणे विचारलं.

“लग्न झालंय माझं.”

“असं का? नशीबवान आहे बिचारा.”

“नशीबवान की बिचारा, काय ते एक ठरवा.”

तो हसला आणि ठमीला घ्यायला वाकला. तिने तोंड माझ्या ओढणीत खुपसलं. “काका नको.”

त्याचं हसू मावळलं. दोन वर्षांची पोर ती. उन्हाळाभर तिने बाबा पाहिला तो फोनमध्ये, तळहाताएवढा, बहुतेक वेळा नुसतं कपाळ. हात-पाय असलेला, साबणाचा वास येणारा हा उंच माणूस तिच्या हिशेबी काकाच होता. आम्ही आल्यापासून त्याने तिच्यासाठी चेंडू आणले, घोडा होऊन दिवाणखानाभर फिरला. पाठीवर बसायची, पण उतरली की धावत माझ्याकडे.

माझंही तिच्यासारखंच होतं, फक्त मला ते बोलता येत नव्हतं. घर माझं, पण हात टाकावा तिथे काहीच नाही. मिठासाठी वरच्या फळीवर हात घालावा, तर तिथे रिकाम्या बरण्या. फरशी पुसायच्या औषधाची बाटली सिंकखाली दिसेना, तेव्हा ठमीने पळवली की काय म्हणून काळजाचं पाणी झालं होतं. ती निघाली पार छताजवळच्या कपाटात. साधी गाळणी हवी तरी विचारावं लागे. मग तो यायचा आणि माझ्या कमरेजवळून कुठूनतरी काढून द्यायचा, यजमान पाहुणीला देतो तशी. आमच्यावाचून त्याचं सगळं छान बसलं होतं म्हणायचं.

निघताना आई म्हणाली होती, थंडीभर इथेच राहा, तिकडे पोरीला सारखा खोकला होतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी ओठांवर यायचं. गंमत म्हणजे, माहेरी असताना मला या घराची ओढ लागली होती. धड इकडची नाही, धड तिकडची नाही... अशी गत.

त्या संध्याकाळी ठमीने बाबा हवा म्हणून भोकाड पसरलं. हा समोर बसून, अगं मीच बाबा, म्हणून समजावतोय आणि ती माझ्या फोनकडे बोट दाखवतेय. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं. माझा फोन वाजला. पडद्यावर कपाळ उगवलं आणि ठमी रडता रडता खुलली. इथे एक काका आहे, अशी तिने त्याला त्याचीच बातमी दिली. चांगला आहे का, विचारल्यावर म्हणाली, घोडा होतो. मग तिचं समाधान झालं, आणि ती ठोकळ्यांकडे निघून गेली.

फोन माझ्या हातात राहिला. त्यानेही ठेवला नाही.

“आणि तुझं काय? ठेवायचा का काका?”

असलं काही तो समोरासमोर कधी विचारत नाही. आवाज आधी दारामागून येत होता, मग फोनमधून.

“काकाने माझं स्वयंपाकघर उलथंपालथं केलंय. पाहुणी झालेय मी. काही सापडत नाही.”

“सापडत नाही, कारण तू वर बघतेस.”

“म्हणजे?”

“स्टुलावर चढायचीस ना सारखी. ठमी पोटात होती तेव्हासुद्धा. माझा हात पोचायचा, म्हणून मला कधी खटकलंच नाही. एकटा राबायला लागलो तेव्हा ते स्टूल पायात यायला लागलं... मग गुडघे वाकवून, तुझ्याएवढा होऊन हिंडलो स्वयंपाकघरात. तुझा हात पोचेल तिथे सगळं लावलं. वर फक्त ठमीच्या हाती लागू नये असं.”

“अरे, मग सांगायचंस.”

“वाटलं, दिसेल तुला.”

मला दिसलं नव्हतं. ठमीला लागू नये म्हणून घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यावर जिची नजर असते, त्या मला. आता उठून आत धावावं, तर नेमकं तेच ओठांवरचं बाहेर पडलं.

“आई म्हणते, थंडीभर तिकडेच राहा.”

पडद्यावरचं कपाळ हललं नाही. “तुला काय वाटतं?”

“तेच कळत नाही ना. आल्यापासून उगाच रडू येतं. तुला बघून बरं वाटतं, आणि परक्याकडे बघितल्यासारखी धडधडही होते—”

कपाळाखालून डोळे वर आले. “धडधड?”

“तेवढंच ऐकलंस?”

“सगळं ऐकलं.” डोळे पुन्हा पडद्याखाली गेले. “जाऊ नकोस गं. तोंडावर म्हटलं तर हसशील, म्हणून इथून म्हणतोय.”

मी दार ढकललं. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, फोन दोन्ही हातांत.

“आता म्हण.”

“...जाऊ नकोस.”

मी हसले नाही. शेजारी जाऊन बसले. मनातला गुंता सगळा सुटला होता असं नाही, पण आईला काय सांगायचं ते ठरलं होतं. ठमी दारात येऊन उभी राहिली. एकदा फोनकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मग आली ती माझ्याच मांडीवर चढून बसली.

पाय मात्र तिने त्याच्या मांडीवर पसरले.