तानाबाईच्या ओट्यावरचं जहाज

"बाई, ते रीळ मले द्या ना."

रोहण्याच्या बाजारात हिरालालच्या दुकानातून सुलोचनानं काळ्या सुताचं शेवटचं रीळ नुकतंच उचललं होतं, तेवढ्यात मागून हा आवाज. तिनं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला उंच माणूस, अंगात विटकी बंडी, आणि लांबवर बघायची सवय असलेले डोळे.

"काऊन? तुमी का पोलकं शिवता?"

"नाई जी. जहाजाले पायजे."

हिरालाल खो खो हसला. "जिजाबाईचा श्रावण हाये हा, बाई. समुद्रावरून आला, तवापासून असाच बोलते."

सुलोचनालाही हसू फुटलं. उन्हाळ्यात जिथं विहिरीचा तळ दिसतो, तिथं म्हणे जहाज!

"केवढं हाये तुमचं जहाज?"

"हातभर."

"मंग कोन्या नाल्यात सोडता?"

"सोडाचं नाई, बाई... पाहाचं हाये. नुसतं पाहाचं."

हे सांगताना तो काही हसला नाही. मग तिलाच कसंसं झालं. "घ्या, श्रावणभाऊ," म्हणत तिनं रीळ पुढं केलं. भाऊ म्हणाली ती तेवढी एकदाच. पुढं ते नातं तिच्या जिभेवर आलंच नाही, आणि का आलं नाही हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

सुलोचना मूळची आंजीची. तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, घरादारासकट बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन रोहण्याला आली. रस्त्यानं चालली की 'नमस्कार बाई, नमस्कार बाई' सुरू. पण तिच्या खोलीत येऊन घोटभर चहा पिणारं गावात एकही माणूस नव्हतं. घरमालकीण तानाबाई जिवाला जीव देणारी, बोलायचीही पोटभर, पण तिला कमी ऐकू यायचं. शाळा सुटली की उरायची ती आणि चूल. एकटेपणाची इतकी सवय झाली होती, की भाकरी थापताना बाई स्वतःलाच पाढे म्हणून दाखवायच्या. कुणाचा तरी आवाज हवा ना घरात!

आणि एका दुपारी त्याच घराच्या ओट्यावर जहाज येऊन लागलं. श्रावणच्या आईचं घर अंधारं, तानाबाईच्या ओट्यावर मात्र दिवस मावळेपर्यंत ऊन. त्याची आई जिजाबाई होती तानाबाईची जुनी मैत्रीण, तेव्हा नाही कोण म्हणणार?

सुलोचना बघतच राहिली. सागवानाच्या नखाएवढ्या फळ्या एकाला एक बसवलेल्या, इवलंसं सुकाणू, शिडांच्या तीन काठ्या. खऱ्या जहाजाचा एक हात म्हणजे इथं एक बोट, असा सगळा हिशेब. श्रावण असल्याच जहाजावर खलाशी होता, मंगळुरी कौलं मुंबईला आणायचा.

"माय इचारे, कशावर बसून जातं रे? म्हटलं, करूनच दाखवतो." त्यानं मेणावरून सूत ओढलं. "म्या फळ्या कापल्या, अन् माय वारली. आता झालं का तिच्या घरात ठेवतो, कुलूप लावतो अन् जहाजावर वापस जातो. तांडेलाले, आमच्या जहाजाच्या म्होरक्याले, शब्द देल्ला हाये. दोर तेवढे बांधाचे राह्यले."

दोर बांधणं हे महा किचकट काम. त्याची बोटं पडली जाड. "आना इकडं," म्हणून सुलोचनानं चिमटा हातात घेतला, आणि तिच्या संध्याकाळी भरून गेल्या.

"बाई, हात थरथरून राह्यला तुमचा."

"थंडी हाये."

"थंडी तं दोरालेही हाये. थो नाई थरथरत..."

"काय म्हन्ते व थो?" तानाबाई ओरडली.

"थंडी हाये म्हन्ते, मावशी!"

"हो व माय! दिसूनच राह्यली मले तुमची थंडी."

सुलोचनानं मान अशी खाली घातली, की नाक शिडाला टेकलं. श्रावण आभाळाकडे बघत बसला, पण कान मात्र लाल झाले होते त्याचे.

पण दोर काय, रोज कमीच होत होते. शेवटची गाठ बसली की हा निघाला, मग पुन्हा आपण, आपली चूल आणि आपले पाढे! एका सकाळी सुलोचनानं इकडं तिकडं पाहिलं, कात्री घेतली आणि एक दोर कचकन कापला.

"उंदरानं खाल्ला वाटते," संध्याकाळी श्रावण म्हणाला.

"माया घरात उंदीर नाई!" नेमकं हेच बरं तानाबाईला ऐकू गेलं!

त्यानं निमूटपणे नवा दोर ओवला. तिनं दोन दिवसांनी दुसरा कापला. कापला तो मात्र मधल्या डोलकाठीला मागून धरून ठेवणारा. पुढच्या दोरांनी काठी खसकन ओढली, आणि ती बुडाशी मोडून आडवी झाली.

श्रावण आला तेव्हा ती ओट्यावरच बसून होती.

"उंदीर नाई," ती म्हणाली. "म्याच कापला. मंगाचा बी म्याच."

"काऊन?"

तिनं कात्री पदराखाली सरकवली. तो जहाज तिथंच टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, त्यानंतरही नाही.

ओट्यावर ऊन यायचं, जायचं. सुलोचनाला वाटलं, आधी एकटी होते ते बरं होतं, तेव्हा निदान कुणाची वाट तरी पाहावी लागत नव्हती. रडून झालं. मग तिनं डोळे पुसले, बांबूची कामटी तासली, मोडक्या काठीला लावून सुतानं आवळून बांधली. सगळे दोर परत ओवले. बरेच दिवस लागले. शेवटची गाठ मारली आणि भर दिवसा, हातभर जहाज छातीशी धरून बाई गावातून निघाल्या. बायका दारात आल्या. येऊ देत!

श्रावण घरातच होता.

"घ्या. झालं तुमचं जहाज. जा आता." तिनं जहाज त्याच्यापुढं धरलं.

त्यानं बांधलेल्या काठीवरून बोट फिरवलं. "मी कवाच गेलो असतो, बाई. तुमी काऊन कापलं, हे आयकाले थांबलो."

"हे झालं असतं तं तुमी गेले असते... म्हून."

"मंग राहा म्हनाचं ना! अख्ख्या शाळेले ऊठ म्हनता, बस म्हनता. मले एक राहा नाई म्हनता आलं?"

"राहा," ती म्हणाली. अगदी हळू. पण म्हणाली.

श्रावण खाली बसला. जहाज त्यानं मांडीवर घेतलं. "तांडेलाले शब्द देल्ला हाये, सुलोचना. जावं तं लागते. पण पावसात एकही शिडाचं जहाज समुद्रात जात नाई. आखाडात येतो."

"अन् मंग?"

"मंग राहातो. तू म्हनलं ना."

पुलगावची छोटी गाडी त्याला घेऊन गेली. स्टेशनावरून ती एकटीच परत आली, तर तानाबाई ओट्यावर तिची वाट पाहत बसलेली.

"गेला का व?"

"गेला, मावशी."

"मंग हासून काऊन राह्यली?"

"येतो म्हने थो," सुलोचना तिच्या कानाशी ओरडली. साऱ्या आळीनं ऐकलं. "राहाले येतो म्हने!" आणि तिथंच तानाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडायला लागली.