चारचा आठ

कोल्हापुराकडचे गडकरी कंपनी सरकारावर उठले, त्या सालातली ही गोष्ट. पहाट उजळली तेव्हा वेताळकडा धुक्यात गळ्यापर्यंत बुडालेला होता. वर बुरूज, बुरुजावरचा भगवा आणि पडझडीतून वाचलेले एकुलते एक दगडी दारूकोठार एवढेच दिसत होते, आणि समोरच्या पठारावर पलटणीच्या दोन उखळी तोफा आ वासून बसल्या होत्या. तोफांपासून वीस पावलांवर कोनयंत्राच्या तिपाईशी गणक रंगोपंत उभे होते.

पंतांच्या भित्रेपणाची ख्यातीच होती. मोजणीखात्यात बारा वर्षे काढली, डोंगर मोजले, नद्या मोजल्या, पण साहेबाने नुसता घसा खाकरला तरी पंतांचे उपरणे खांद्यावरून घसरे. असल्या माणसाला वेढ्यात आणण्याची कुणाला हौस नव्हती. पण तोफेला अंतर लागते आणि अंतर काढायला त्रिकोण सोडवणारा लागतो, म्हणून आणले.

"पंत," मुनशीकडून शिकलेल्या मराठीत कॅप्टन लेथम म्हणाला, "ते दारूकोठार इथून किती वार, ते अचूक पाहिजे. गोळा कोठारावर पडला की गड संपला. आकडा चुकला, तर तुम्हाला मी याच तोफेच्या तोंडी बांधीन."

"हुकूम, साहेब," पंत कसेबसे म्हणाले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

त्या यंत्राच्या दुर्बिणीत सारे जग उलटे दिसे. कोठार उलटे, आणि कोठाराच्या भिंतीला टेकून बसलेल्या बायका, लेकरे, म्हातारे, तेही उलटे. बाकी छपरे तोफांनी उडवली होती. आडोसा म्हणून ती माणसे नेमकी दारूच्या ढिगाला पाठ लावून बसली होती. पंतांनी धास्तावून दुर्बीण दक्षिणेला सरकवली. तिथे कड्यावरून दोर सुटला होता, आणि त्याला बांधलेली एक बाई जणू आभाळात वर वर चढत होती. म्हणजे खाली उतरत होती! गडकरी आपली माणसे धुक्याच्या आडोशाने खाली सोडत होते. वर तीनशेजण तरी होते आणि दोर एकच. दुपारपर्यंत तरी उतरून होणार नव्हते, आणि तोफा तासाभरात सुरू व्हायच्या होत्या.

कोन टिपून पंत राहुटीत गेले. पाटीवर देवनागरीत कच्चे गणित मांडायचे आणि उत्तर इंग्रजी आकड्यांत कागदावर उतरवायचे, अशी खात्यातल्या देशी गणकांची रीत. लॉगरिथमची कोष्टके उलटली, बेरजा झाल्या, उत्तर पडले: १४४०.

पंत त्या उत्तराकडे बघत राहिले. घरची माणसे आठवली, तोफेचे तोंड आठवले. इंग्रजी आठ आणि आपला चार यांत फरक तो किती? आपल्या चाराचे डोके उघडे, त्यांच्या आठाचे मिटलेले. पाटीवरून उतरवताना नजर फसली, एवढीच सबब सांगता येण्याजोगी होती. गोळे गडावरून पलीकडच्या दरीत पडतील. धूर तटामागूनच उठेल, खालून काही कळायचे नाही. त्यांनी देवाचे नाव घेतले आणि कागदावर लिहिले: 1880.

लिहून झाले, आणि मग त्यांना नरहरअप्पा आठवले.

खात्याची आणखी एक रीत होती. प्रत्येक कोन दोघांनी पाळीपाळीने टिपायचा आणि गणित दोन राहुट्यांत, एकमेकांचे तोंड न बघता करायचे. उत्तरे जुळली तरच खरी. दुसरे गणक नरहरअप्पा. चाळीस वर्षांत त्यांची एक बेरीज चुकली नव्हती. ग्रहणाच्या स्पर्शकाळावरून तीन वर्षांपूर्वी दोघांचे वाजले होते, तेव्हापासून बोलणे बंद. आणि साहेबांचे मीठ खाल्ले आहे हे अप्पांचे पालुपद सगळ्या छावणीला पाठ होते. आता फाडून टाकावा म्हणून पंतांनी कागद उचलला, तोच शिपायाने तो हातातून घेतला.

साहेबाच्या मेजासमोर दोघे उभे राहिले. लेथमने एक कागद उलगडला, दुसरा उलगडला, दोन्ही शेजारी ठेवले.

"अठराशे ऐंशी," तो म्हणाला. "अठराशे ऐंशी. शाबास." आणि दोन्हींवर सही ठोकली.

पंतांनी अप्पांकडे पाहिले. अप्पा समोर बघत होते, तोंडातली सुपारी चघळत.

मग तोफा सुटल्या. एकेका गोळ्यासरशी तटामागून धुराचा लोट उठे, गोरे सोजीर टोप्या उडवत, आणि पंत कानांवर हात ठेवून दर खेपेला विचारात पडत की आपले गणित तरी बरोबर होते ना. कोठार मात्र उडेना. दुपार कलली, धुके पुरते विरले, आणि पलीकडच्या नाक्यावरचा हवालदार धापा टाकत आला.

"साहेब, गोळे दरीत पडतायत! आणि गड रिकामा झालाय. माणसं कधीच रानात पांगली!"

लेथमने पाट्या मागवल्या. दोन्ही पाट्यांवर १४४० होते.

"दोघांची एकच चूक?" तो हळू म्हणाला. "कोणी कोणाला शिकवलं?"

"मी," नरहरअप्पा पुढे झाले. "रंगोला मीच सांगितलं. हा भित्रा माणूस आहे साहेब, याच्या डोक्यातून असलं काही निघायचं नाही."

लेथमने पंतांकडे पाहिले. तिथे मुद्दाम काही करणारा माणूस दिसतच नव्हता. गप्प बसले असते तर पंत सुटले असते, आणि गप्प बसावे असे त्यांच्या हाडाहाडाला वाटत होते.

"खोटं आहे साहेब," पंत म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकले. "तीन वर्षं आम्ही बोलत नाही. मला कुणी सांगितलं नाही. माझा आकडा माझा आहे."

लेथमचा हात पिस्तुलावर गेला. मग त्याची नजर त्या दोन कागदांवर पडली, दोन्हींखाली त्याचीच सही होती. नेटिवांनी आपल्याला फसवले असे लिहावे, तर पाट्या न बघता सही कोणी केली, हे वरिष्ठ विचारणार होते. तो कारकुनाकडे वळून म्हणाला, "लिहा. अडाणी गणकांना इंग्रजी आकडे नीट येत नव्हते. पंचवीस-पंचवीस फटके. नोकरीतून काढा."

फटके खाऊन दोघे एकाच बैलगाडीत पालथे पडून घाट उतरले. अर्ध्या घाटात पंतांना हुंदका फुटला.

"अप्पा, चाळीस वर्षं! आणि दप्तरात नाव लागलं अडाणी म्हणून."

"लागू दे रे." अप्पा कण्हले. "तूही दुर्बीण दक्षिणेला फिरवली होतीस ना?"

"फिरवली होती."

"वाटलंच. मला सकाळभर तुझीच भीती वाटत होती. म्हटलं, हा रंगो हटवादी, बरोबर उत्तर लिहून माणसं मारणार."

"मला तुमची वाटत होती, अप्पा."

अप्पांनी पालथ्यानेच हात लांब केला आणि पंतांच्या डोक्यावर ठेवला. पाठ इतकी सोलली होती की तेवढ्यानेही अप्पा विव्हळले. पण हात त्यांनी घाट संपेपर्यंत काढला नाही.