कागदावरचं जास्तीचं डोकं

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लोकांच्या घरातले जुने फोटो जपायचं काम चाले. तिथल्या ग्रंथपालबाईंचा नियम कडक होता: फोटोला पेन लावायचं नाही. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याची कड पेन्सिलीने गिरवायची आणि घरचे सांगतील ते नाव त्या कडेच्या आत लिहायचं.

त्या दुपारी एक लेक आपल्या म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून जिना चढून आली. वडिलांची नजर आता फार दिवसांची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात एकच जुना फोटो, आणि त्यातली माणसं ओळखणारे तेवढे तेच उरलेले.

"बाबांना दिसतंय तोवर लिहून घ्या," लेक म्हणाली. "नाहीतर आमचे सगळे पूर्वज बेवारशी व्हायचे."

बाईंनी डोकी गिरवून दिली. बाबा भिंग धरून भराभर सांगू लागले. हे आजोबा, ही आत्या, ही आत्याची नणंद, फोटोतही तोंड वाकडंच. आजोबांनी खांदा दाबून धरलेला दातपडका पोरगा म्हणजे ते स्वतः. सगळी नावं झाली. डाव्या कडेचं एक लहान डोकं तेवढं कोरं राहिलं.

"आणि हे कोण?"

"तिथे कुणी नाहीये, बाई."

बाईंनी कागद उचलून पाहिलं. फोटोत तिथे नुसती भिंत होती. त्यांना स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांत असला घोळ कधी झाला नव्हता. त्यांनी खोडरबर उचललं.

"पुसू नका..." बाबांनी त्यांचं मनगट धरलं. "माझी धाकटी बहीण. सारखी चुळबुळ करायची. फोटोवाला वैतागला, म्हणून आजोबांनी तिला बाहेर काढलं. मी तिच्यामागे निघालो, तर मला असं दाबून बसवलं. पुढे तापात गेली ती. एकही फोटो नाही हो तिचा..."

बाईंनी खोडरबर खाली ठेवलं. त्यांनी नाव विचारलं, कोऱ्या कडेत लिहिलं आणि कागद पुन्हा फोटोवर ठेवला. आता ते लहान डोकं उजवीकडे होतं, दातपडक्या पोराला अगदी चिकटून.

लेकीने भिंग ओढून घेऊन पुन्हा पाहिलं. बाबा मात्र गालातल्या गालात हसले.

"अजून हलतेच आहे..."

पुढच्या आठवड्यात लेक एकटीच फोटो न्यायला आली. डोळे सुजलेले होते.

"बाबा गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. काही त्रास नाही झाला."

बाईंनी तिला पाणी दिलं आणि कपाटातून पाकीट काढलं. ट्रेसिंग पेपरवर दोन लहान डोकी फोटोच्या चौकटीबाहेर, कागदाच्या पार टोकाशी गेली होती. बाईंनी कागद हळूच बाजूला केला.

फोटोत आजोबांचा हात तसाच होता, बोटं घट्ट आवळलेली. त्या हाताखाली कुणीच नव्हतं.