मागायला कोणी आलं नाही

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे आणि ती खरी आहे. तिच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शेवटचा भाग तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. कुत्री रडत नाहीत, दिवे जात नाहीत.

जानेवारीतला तिसरा सोमवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

जागा म्हणजे जुनी टांकसाळ.

एकेकाळी तिथे नाणी पाडायचे. आता संग्रहालय आहे. मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे, तिला एकच दार, टांकसाळीचं मूळचं, आणि छताजवळ एक खिडकी. त्या खोलीत आत्याने एकतीस वर्षं नोकरी केली. जुनी नाणी मऊ ब्रशने साफ करायची, वजन करायचं, भिंगातून बघून चिठ्ठी लिहायची. दिवसभरात कोणाशी दोन शब्द बोलणं झालं तरी खूप.

आत्याने लग्न केलं नाही. आजी होती तोवर दोघी एकमेकींशी भांडत मजेत राहायच्या. आजी गेली आणि दोन खोल्यांचं ते घर एकदम मोठं झालं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तरी आत्या कामावर जायची. फाटकावरचा पहारेकरी चेष्टा करायचा.

"बाई, सुट्टीलाही येता! घरी वाघ आहे की काय?"

"वाघ असता तर घरीच बसले असते," आत्या म्हणायची. "निदान सोबत तरी झाली असती."

तिला भाऊ एकच. माझे बाबा. आम्ही तीन तासांच्या अंतरावर राहतो. बाबा फोनवर नेहमी म्हणायचे, "ताई, या रविवारी नक्की येतो." तो रविवार काही उगवत नव्हता.

नोव्हेंबरात न्यायालयाच्या जुन्या दप्तरखान्यातून एक लाकडी पेटी आली. आत तेवीस नाणी आणि एक जाड, पिवळा कागद.

आत्याने एक नाणं उचललं, टेबलावर आपटलं. खऱ्या नाण्याचा खणखणीत आवाज येतो. हे नाणं ठस्स वाजलं.

खोटं! आत कथील, वरून चांदीचं पाणी.

सगळीच तशी होती.

तिने कागद उघडला.

त्या काळी खोटं नाणं पाडणं म्हणजे राजाशी बेइमानी. कुठे असल्या माणसाला उकळत्या तेलात टाकत, कुठे कपाळावर डाग देत. आत्याला हे सगळं पाठ होतं. बाहेरच्या दालनातली शिक्षांची पाटी तिनेच लिहिली होती, आणि सहलीला आलेली मुलं नेमकी तीच पाटी डोळे विस्फारून वाचायची.

पण हा माणूस बाहेरचा नव्हता. याच टांकसाळीत ठसे कोरायचा. दिवसा राजाचे, संध्याकाळी स्वतःचे.

शिक्षा अशी होती. उजवा हात मनगटापासून तोडावा. टांकसाळीच्या दारावर खिळ्याने ठोकावा. वर्ष झाल्यावर रक्ताच्या नात्यातलं कोणी मागायला आलं, तर द्यावा.

खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात, तिथल्या शिपायाने नोंदी केल्या होत्या.

बायको आली नाही.

भावाने निरोप पाठवला, आमचा असा कोणी नाही.

गुन्हेगार स्वतः रोज येतो. दारासमोर बसून वर बघतो. आपला हात मागतो. नियमात बसत नाही.

आणि शेवटी... मागायला कोणी आलं नाही.

आत्याने आयुष्यभरात असले शेकडो कागद वाचले होते. डोळ्यांत पाणी कधी आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

"अरे बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "एखादी बहीणसुद्धा नव्हती का रे तुला?"

खोलीत ती एकटीच होती.

दाराबाहेर कोणीतरी श्वास सोडला...

खूप वेळ रोखून धरल्यासारखा.

तिने दार उघडून पाहिलं. बाहेर फरसबंदी अंगण आणि समोरच्या भिंतीशी दगडी बाक. कोणी नाही.

वारा असेल, म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तिचा हातमोजा हरवला.

नाणी हाताळताना ती पांढरे सुती हातमोजे घालायची. डावा होता तिथेच होता. उजवा नव्हता. तिने नवी जोडी काढली. सकाळी पाहिलं तर त्यातलाही उजवा गायब. आठवड्याभरात टेबलाच्या खणात सहा डावे हातमोजे जमले.

तिने झाडलोट करणाऱ्या बाईला फैलावर घेतलं.

"मी कशाला नेऊ बाई?" ती बिचारी म्हणाली. "आणि न्यायचेच तर जोडी नेईन. एका हाताचे घेऊन काय करू?"

तेही खरंच होतं.

मग एका सोमवारी दुपारी पहारेकरी दारात आला.

"बाई, तुमचे भाऊ आलेत. बाहेर बाकावर बसलेत. आत चला म्हटलं, तर नको म्हणाले."

आत्या म्हणते, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने आधी केस सारखे केले. मग ती जवळजवळ पळतच बाहेर गेली.

बाक रिकामा होता...

वर पाचोळा होता, पण एका माणसाच्या बसण्याएवढी जागा स्वच्छ होती.

तिने तिथूनच बाबांना फोन लावला.

"काय रे, तू आलायस का इकडे?"

"नाही गं ताई, कामावर आहे. या रविवारी नक्की येतो."

आत्याने फोन ठेवला. आत येऊन दार लावून घेतलं. नंतर मला म्हणाली, "घाबरले नव्हते गं मी. नुसतं वाईट वाटलं."

तो माणूस पुन्हा आला. आणि पुन्हा. दर वेळी पहारेकऱ्याला दिसायचा. आत्या बाहेर गेली की बाक रिकामा.

तिसऱ्या वेळी तिने पहारेकऱ्याला समोर बसवलं.

"दिसतो कसा?"

"कसा म्हणजे? असेल पन्नाशीचा. जुनाट कोट. मी चहा दिला, तर डाव्या हाताने घेतला. उजवा खिशातून बाहेरच काढत नाही."

"प्यायला चहा?"

"नाही. नुसता धरून बसला. सारखं या दाराच्या वरच बघत होता. काय बघता विचारलं, तर म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई येईल. ताई मागेल."



कागदातलं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग तो जानेवारीतला सोमवार आला.

आत्या पेटीतल्या शेवटच्या नाण्याची चिठ्ठी लिहीत होती. पहारेकरी लांब फाटकावर. सगळी इमारत सामसूम.

खर्र...

तिने मान वर केली.

खर्र... खर्र...

नखांनी लाकूड खरवडल्यासारखा आवाज. दाराच्या चौकटीवरून, बाहेरच्या बाजूने येत होता. उंचावरून. माणसाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावरून.

मग बोटं वाजायला लागली. एकामागून एक. कंटाळलेला माणूस टेबलावर वाजवतो तशी.

टक... टक... टक... टक.

जरा थांबून अंगठा.

टक.

बाहेर पडायचं तर तेच एक दार. तिने हाक मारली, फाटकापर्यंत ती पोहोचलीच नाही. फोन बघितला. कोणाला लावायचा? बाबांना? ते काय म्हणणार, ते तिला माहीत होतं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

आवाज थांबला.

ती म्हणते, आवाजापेक्षा ते थांबणं वाईट होतं. कारण आता कोणीतरी वाट बघत होतं. ते तिला इतकं ओळखीचं वाटलं, की भीती जागच्या जागी राहिली आणि ती उठली.

तिने दार उघडलं. उंबऱ्यात उभी राहून वर पाहिलं. चौकटीच्या लाकडात एक बुजवलेलं भोक होतं, बाकी काही नाही.

आत्याने ओंजळ पुढे केली.

"मी मागायला आलेय," ती म्हणाली.

काहीच झालं नाही.

नुसत्या मागण्याने भागणार नव्हतं. कोण मागतंय, तेही सांगायला हवं होतं. नातं सांगायला हवं होतं.

तिने ओंजळ आणखी उंच केली.

"मी याची बहीण."

...आणि तिच्या ओंजळीत काहीतरी पडलं.

दिसलं काहीच नाही. पण वजन होतं. गार, जड. तिचे हात खाली झुकले. मग ते हललं. एक एक करून बोटं वळली आणि त्यांनी तिचा अंगठा धरला. लहान मूल धरतं तसा, घट्ट.

ती ओरडली नाही. "ओरडले असते तर हातातून पडला असता ना," असं ती मला म्हणाली होती. मला ते वाक्य अजून झोपू देत नाही.

वीसेक पावलं चालत ती बाकापर्यंत गेली. वाकून ओंजळ बाकावर टेकवली.

"घे रे," म्हणाली. "आता जा."

अंगठ्यावरची पकड सुटली. हात हलके झाले.

फाटकापाशी पहारेकऱ्याने तिला निरखून पाहिलं.

"बाई, काय उचललंत एवढं? लांबून बघत होतो. हात भाराने झुकले होते तुमचे, आणि हातात तर काहीच नव्हतं."

आत्या घरी गेली. त्या दिवसापासून हातमोजे हरवायचे थांबले.

सगळं इथेच संपलं असतं, तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकरी हसत हसत म्हणाला, "काल तुमच्या मागोमागच भाऊ निघाले बरं का. घरचा पत्ता विचारला. सख्ख्या भावाला बहिणीचा पत्ता माहीत नाही, म्हटलं कमाल आहे! दिला मी."

मार्चमध्ये आत्या नोकरीतून निवृत्त झाली. बाबांनी फोन लावला. मी शेजारीच बसले होते, फोनचा स्पीकर चालू होता.

"ताई, आता एकटी कशाला राहतेस? आमच्याकडे ये कायमची."

"एकटी कुठे रे?" आत्या म्हणाली. आवाज छान होता, मोकळा. "भाऊ आहे ना सोबत."

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"ताई... भाऊ मी आहे."

पलीकडे आत्या हसली.

"हो रे, तूही आहेसच."

त्याच रविवारी आम्ही गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आत्याने दार उघडलं. तब्येत उत्तम, चेहरा भरलेला, साडीला कडक इस्त्री. घर लख्ख. घाबरण्यासारखं एकही चिन्ह नाही. चहा केला, बाबांची जुनी टिंगल केली, आजीच्या आठवणी काढल्या. आधी दोनदा फोनवर सांगितलेली ही हकिगत तेव्हाच तिने मला तिसऱ्यांदा सांगितली. बाबा ऐकून म्हणाले, एकटेपणाने माणसाला काय काय भास होतात. आत्या नुसती हसली. तिने वाद घातला नाही.

निघताना बाबांचे डोळे भरले. "चुकलो गं ताई," म्हणाले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू आलास ना. झालं."

आम्ही खाली उतरलो. गाडीपाशी जाऊन मी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आत्या उभी होती. दोन्ही हात कठड्यावर टेकवून खाली बघत होती.

दोन्ही हात. मी नीट पाहिले.

आणि तिच्या खांद्याशेजारून, पडद्याच्या कडेने, एक हात बाहेर आला होता. पांढरा सुती हातमोजा घातलेला. उजवा.

तो आम्हाला सावकाश निरोप देत होता...

बाबांनीही हात वर करून हलवला. गाडी वळेपर्यंत हलवत राहिले.

"बघितलंस?" मला म्हणाले. "कशी आनंदाने हात हलवत होती."

मी हो म्हटलं.

आता बाबा तिला रोज फोन करतात. मी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. कसं सांगू तेही कळत नाही. आत्या सुखात आहे, यात शंका नाही. मी मात्र त्यानंतर तिच्या घरी एकटी गेलेली नाही.