एकतिसावं दार

मीटरबाईला माणसं चेहऱ्यानं कमी आणि आकड्यानं जास्त लक्षात राहायची. नगरकार्यालयाच्या पाणीखात्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. दर महिन्याला गल्लोगल्ली हिंडायचं, दाराबाहेरच्या लोखंडी पेटीचं झाकण उचलायचं, आतला आकडा वहीत उतरवायचा, एवढंच काम. पण मीटर वाचता वाचता घर वाचायची खोड लागते. कोणाकडे दोन दिवसांसाठी आलेले पाहुणे महिना झाला तरी हललेले नाहीत, कोणत्या नवराबायकोचं बिनसलंय, रोज आंघोळ करतो म्हणणारा खरोखर किती वेळा करतो, हे तिला झाकण उचललं की समजे. ती बोलत कुणाजवळ नसे. वही मिटताना नुसती गालातल्या गालात हसे, आणि तेवढ्यावर अर्धं गाव तिला वचकून असे.

गाव थंड हवेचं. घरं बांधणाऱ्यांनी डोळ्यांपुढे एकच शत्रू ठेवला होता, तो म्हणजे गारठा. हातभर जाडीच्या भिंती, दुहेरी काचांच्या बेताच्या खिडक्या, काळी छपरं, प्रत्येक घरात एक मोठी शेगडी. आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्या घरांना ठाऊक. पंखा म्हणून कुणाकडे नव्हता. त्या वर्षी उन्हाळा आला तेव्हा घरांनी आपलं काम चोख केलं. ऊन आत घेतलं आणि धरून ठेवलं.

पहिले चार दिवस लोकांना मौज वाटली. ऊन म्हणजे त्यांच्या लेखी चैन. सवयीनं सगळे भर दुपारी बागेतल्या बाकांवर जाऊन बसले आणि संध्याकाळी लालबुंद होऊन परतले. मग पारा एक्केचाळीसवर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. रस्त्याचं डांबर चपलांना चिकटू लागलं. कपाटात ठेवलेल्या मेणबत्त्या माना टाकून वाकल्या. रात्रीही भिंती निवत नव्हत्या. एकटी राहणारी दोन म्हातारी माणसं गेली, तेव्हा कुठे नगरकार्यालय जागं झालं आणि एकट्या म्हाताऱ्यांची यादी झाली. एकतीस नावं. रोज दोनदा त्यांची चौकशी करायचं काम मीटरबाईवर आलं, कारण सगळी दारं तिला पाठ होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दहा ते सहा दारंखिडक्या मुळीच उघडायच्या नाहीत, आतला जो काही गारवा असेल तो राखायचा. म्हणून पद्धत मीटरबाईनंच ठरवली, आणि तिचा तिला थोडा अभिमानही होता. बाहेरून तीन वेळा ठोठावायचं. आतून म्हाताऱ्यानं ‘आहे’ म्हणायचं. दार उघडायचं नाही. वहीत तीन रकाने: दार, वेळ, उत्तर. चौथा रकाना तिनं आपल्याच हौसेनं आखला, मीटरच्या आकड्याचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण पेटीसमोरून नुसतं जाणं तिच्यानं होत नसे.

यादीतलं एकतिसावं दार मावशीचं होतं.

आई लवकर गेल्यावर मीटरबाईला वाढवलं ते या मावशीनं. म्हातारी गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावरच्या दगडी घरात एकटी राही. मीटरबाईच्या मनात तिला आपल्याकडे आणायचं होतं, पण तिचं घर काळ्या छपराखाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर; तिथे नवरा दिवसभर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन नवाबासारखा बसून असे आणि तासाला एकदा आपलं मरण जाहीर करी. मावशीनं ऐकूनच कानांवर हात ठेवले. तिथे भाजून निघायचं आणि वर त्याचं घोरणं ऐकायचं, त्यापेक्षा इथे बरी आहे, म्हणाली. मीटरबाईलाही ते पटलं. दगडी घर, तळमजला. हिशेब सरळ होता. फक्त जादाची किल्ली तिनं मागून घेतली.

‘‘किल्ली घे, पण उठसूट दार उघडून ऊन आत सोडू नकोस,’’ मावशी म्हणाली. ‘‘माझा आवाज आला नाही तर समज, गेले. तोवर मी आहे.’’

तिसरं दार सुतारकाकांचं. पहिले दोन-तीन दिवस ते आतून ओरडायचे की आहे, आहे, एवढ्यात मापं घ्यायला येऊ नकोस. आयुष्यभर लोकांच्या शवपेट्या करून त्यांचे विनोद असेच झाले होते. चौथ्या दिवसापासून नुसतं ‘आहे’ येऊ लागलं. उन्हानं माणसाचा विनोदही सुकतो, असं म्हणून मीटरबाई पुढे गेली. त्यांचा मीटरचा आकडा मात्र कालचाच होता. परवाही तोच. नगरकार्यालयानं चौकाचौकात पाणी जपून वापरायचे फलक लावले होते, आणि ते मनावर घेणारा एक तरी माणूस निघाला याचं तिला कौतुक वाटलं. सतराव्या दाराच्या गाणंबाईंना तिनं त्यांचं उदाहरणही दिलं. गाणंबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गळा अजून लख्ख. काल एवढं पाणी कुठे गेलं, बाग फुलवताय का, असं मीटरबाईनं दाराबाहेरून विचारलं, तर आतून उत्तर आलं की बाग कसली, मीच कोमेजत चाललेय.

सुतारकाकांच्या दारात तिला आणखी एक गोष्ट जाणवली. गावातलं प्रत्येक दार तापलेलं असे, बोटं टेकवत नसत. हे गार होतं. नळाखाली धरलेल्या तांब्यासारखं. सुताराचं घर, जाड लाकूड, आपल्यासाठी निवडून आणलेलं असणार, असं तिनं ठरवलं आणि खांदा टेकून मिनिटभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. नंतर कपाळ टेकून.

सातव्या दिवशी तिनं दोनदाच ठोठावलं आणि आतून ‘आहे’ आलं. आठव्या दिवशी एकदाच. नवव्या दिवशी तिनं हात उचलला आणि तो दारापर्यंत पोचायच्या आत उत्तर आलं, अगदी जवळून, दाराला ओठ लावून म्हटल्यासारखं.

त्याच दुपारी परगावाहून सुतारकाकांची मुलगी किल्ली घेऊन आली.

काका खुर्चीत बसलेले होते. वास कसलाच नव्हता. मुलगी नंतर सांगत होती की दार उघडलं तेव्हा तळघराचं उघडावं तसा गार झोत अंगावर आला आणि निघून गेला. त्यानंतर ती खोली इतर खोल्यांसारखीच तापली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच-सहा दिवस तरी झाले. मुलीनं आठवड्याच्या गोळ्यांची डबी पुढे केली. तिसऱ्या दिवसापर्यंतचे कप्पे रिकामे होते, पुढचे भरलेले.

मीटरबाईच्या वहीत पुढच्या सहा दिवसांत अकरा वेळा ‘आहे’ लिहिलेलं होतं.

साहेबांनी वही समोर ठेवून तिला उभं केलं. साहेब म्हणजे कार्यालयातला असा माणूस की ज्यानं वीस वर्षांत एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता आणि त्याबद्दल त्याला दोनदा बढती मिळाली होती. घरी बसून रेघोट्या ओढल्यास का, असं त्यांनी विचारलं. तिनं आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि हे त्यांनाही माहीत होतं. ती चौथ्या रकान्यावर बोट ठेवून पानं उलटत गेली. सतराव्या दाराचा आकडा परवापासून हलला नव्हता.

ते दोघं आणि कुलूपवाला गाणंबाईंच्या दारी गेले. साहेबांनी स्वतः ठोठावलं.

‘‘आहे,’’ आतून आलं. सुरेल, थोडं लांबवलेलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. बघ, आहेत की, लिही, म्हणाले. मीटरबाई म्हणाली, साहेब, दाराला हात लावून बघा. त्यांनी हात लावला, दचकून काढला आणि मग पुन्हा लावला. क्षणभर त्या घामेजल्या चेहऱ्यावर निव्वळ सुख दिसलं. तो चेहरा ती पुढे विसरली नाही, कारण इतके दिवस तिचाही तसाच होत असणार.

कुलूप तोडलं. गार झोत आला आणि गेला. गाणंबाई पलंगाच्या कडेला टेकून बसल्या होत्या, पाय घमेल्यात. घमेल्यातलं पाणी आटून कडेला पांढरी रेघ उरली होती.

बाहेर आल्यावर साहेब पायरीवर बसले आणि खूप वेळ आपल्या तळव्याकडे बघत राहिले. ‘‘मी काही ऐकलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तूही नाहीस.’’

मीटरबाईनं दार ओढून घेतलं आणि तीन वेळा ठोठावलं. काही आलं नाही. ती सुतारकाकांच्या दारीही जाऊन आली. तिथेही काही नाही. लाकूड तापलेलं होतं.

साहेबांनी मग आकडा न हललेली दारं तिच्याकडून वाचून घेतली. आणखी सहा निघाली. उद्या सकाळी पोलीस बोलावून सगळी उघडायची, असं ठरलं. आणि शेवटचं, त्यांनी विचारलं, एकतिसावं?

एकतिसाव्या दारापुढचा चौथा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा होता. आपल्या माणसाचं मीटर कोण वाचतं? मावशीच्या दारी ती मावशीशी बोलायला उभी राहायची.

बघून सांगते, ती म्हणाली.

पाच वाजले होते तरी ऊन डोक्यावर असल्यासारखं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एका खिडकीत कोणी ओली चादर टांगली होती, ती वाळून पत्र्यासारखी कडक झाली होती. मावशीच्या दारी पोचेपर्यंत तिनं आठवून बघितलं की मावशी गेल्या काही दिवसांत काय काय बोलली. काल काय बोलली? ‘बरी आहे.’ परवा? ‘बरी आहे.’ शेवटचा टोमणा कधी मारला होता, ते काही केल्या आठवेना.

तिनं ठोठावलं नाही.

‘‘आहे गं,’’ मावशी म्हणाली.

मीटरबाई दारापासून बाजूला झाली आणि पेटीपाशी उकिडवी बसली. झाकणानं बोटं पोळली. आकडा होता. तो कालचा की आजचा, हे सांगायला वहीत काही नव्हतं. आतल्या काचेखाली बारीक लाल काटा होता, वाटीभर पाणी वापरलं तरी गर्रकन फिरणारा.

‘‘मावशे, जरा नळ सोड ना.’’

‘‘कशाला गं?’’

‘‘सोड तर.’’

आत काही हललं नाही. पाऊल वाजलं नाही, खुर्ची सरकली नाही.

‘‘सोडला,’’ मावशी म्हणाली.

काटा जागच्या जागी होता.

‘‘आणखी सोड.’’

‘‘पूर्ण सोडलाय, ठमे.’’

ठमे. लहानपणापासून मावशी तिला हेच म्हणायची, इतर कुणाला हे ठाऊकही नव्हतं. मीटरबाई काट्याकडे बघत राहिली. घामाचा थेंब काचेवर पडला आणि तिच्या डोळ्यांदेखत वाळला.

ती उठली. दारावर तळवा ठेवला.

गार होतं.

किल्ली कुलपात घातली. ती सहज गेली. फिरवायची तेवढी राहिली.

‘‘उघडू नकोस गं,’’ मावशी म्हणाली. आवाज दाराच्या अगदी जवळ होता, तिच्या तोंडाच्या उंचीवर. ‘‘ऊन आत येईल.’’

मीटरबाईनं किल्ली काढून घेतली.

वही मांडीवर ठेवून तिनं वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं. उत्तर, आहे. चौथ्या रकान्यात तिनं मन लावून एक आकडा लिहिला, पेटीतल्यापेक्षा थोडा जास्त. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुसऱ्या दिवशी सहा दारं उघडली. सहाही तशीच. पुढच्या आठवड्यात ढग आले, पारा उतरला, लोकांनी खिडक्या उघडल्या आणि उन्हाळ्याचा विषय काढायचा नाही असं न ठरवता ठरलं. साहेबांनी यादी बंद करून कपाटात टाकली. एकतिसाव्या दारापुढे मीटरबाईनं आपल्या हातानं शेरा लिहिला होता, ‘भाचीच्या घरी हलवली’, आणि तो तपासायला कोणी आलं नाही. घरी नवरा अधूनमधून विचारी की मावशी कशी आहे. ती म्हणे, आहे. तो तेवढ्यावर समाधान मानून वर्तमानपत्रात डोकं घाली.

ती रोज चार वाजता जाऊन येई.

मग थंडी आली, नेहमीसारखी, आणि गावाला हायसं वाटलं. शेगड्या पेटल्या. सकाळी खिडक्यांवर पांढरी साय धरू लागली. एके दिवशी गल्लीत धुकं इतकं दाट होतं की मीटरबाईला भिंतीला हात लावत जावं लागलं. अंगात दोन स्वेटर होते, तरी दातावर दात वाजत होते.

‘‘ठमे,’’ मावशी म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. ‘‘अजून किती दिवस गं हा उन्हाळा?’’

मीटरबाईनं शाल तोंडावर ओढून घेतली.

‘‘थोडेच राहिलेत, मावशे.’’

‘‘बरं,’’ मावशी म्हणाली. ‘‘तू उन्हात उभी राहू नकोस.’’

ती पायरीवरून जपून उतरली, कारण हल्ली तिथे पाय ठेवायला जागा नसे. गल्लीतली सगळी मांजरं, पाच-सहा तरी, थंडी पडल्यापासून त्याच एका पायरीवर येऊन निजत, दाराला पाठ चिकटवून, उबेला.